ट्रॉली किती ब्रासची हे सगळे विचारतात. उचलल्यावर उभी राहील का, हे कोण विचारतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, ज्याचा पोरगा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो, किंवा जो यंदा नवी डंपिंग ट्रॉली बांधायला टाकणार आहे, त्यानं पूर्ण वाचावी. बाकीच्यांनी सोडून दिली तरी राग नाही.

तलावातला गाळ काढायला सुरुवात झालीय. पाणी तळाला गेलंय, पोकलेन उतरलंय आणि सकाळी सहापासून ट्रॉल्यांची रांग लागतेय. चांगलं काम आहे. हलक्या माळरानाला गाळ मिळाला की जमीन सुधारते, तलावात पाणी जास्त मावतं. पण गेल्या उन्हाळ्यात याच कामावर आपल्या पट्ट्यात दीड महिन्यात तीन ट्रॉल्या पलटी झाल्या. पहिल्या दोन वेळा लोखंड वाकलं, तेवढ्यावर निभावलं. तिसऱ्या वेळी फाळक्याशी उभ्या असलेल्या पोराचा पाय गेला. वय १९. घरचं सगळं त्याच्यावर होतं.

तिन्ही वेळा पारावर एकच वाक्य ऐकलं : ड्रायव्हर नवखा होता.

तो नवखा नव्हता. तिघांतले दोघे तरी दहा-बारा वर्षं ट्रॉली ओढणारे आहेत, रात्रीच्या अंधारात उसाच्या दोन ट्रॉल्या चिखलातून काढणारे. त्यांचं काही चुकलंच नाही असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या चुकीला सांभाळून घेईल एवढी जागा त्या ट्रॉलीत मुळातच ठेवलेली नव्हती. ती जागा वर्कशॉपमध्येच संपली होती, ट्रॉली बांधली त्या दिवशी. मी ट्रॅक्टर घ्यायच्या आधी चार वर्षं ट्रॉलीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलंय. गिऱ्हाईक येतो तेव्हा काय विचारतो, हे तोंडपाठ आहे. किती ब्रास बसतो? पत्रा किती गेजचा? टायर नवे का रिमोल्ड? रंग कोणता, आणि मागं नाव कसं टाकणार? जॅक वर गेल्यावर ट्रॉली कशावर उभी राहते, हे चार वर्षांत एकानंही विचारलं नाही.

म्हणून आज जरा हिशोब मांडतो. शाळेतलंच गणित आहे, घाबरू नका.

आपल्याकडची नेहमीची ट्रॉली घ्या. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच फाळके. म्हणजे १२० घनफूट, सव्वा ब्रासच्या आसपास. ओला गाळ भरला तर साडेपाच-सहा टन माल. तळाचा पत्रा जमिनीपासून साडेतीन फुटांवर. माल सारखा भरला असेल तर त्याच्या वजनाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर येतो. दोन टायरांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ५ फूट. म्हणजे वजनाचा मध्य दोन्ही बाजूंच्या टायरांपासून अडीच अडीच फूट आत. हे अडीच फूट, ३० इंच, ही तुमची शिल्लक. वजनाचा मध्य टायरच्या बाहेर गेला की ट्रॉली गेली, मग वर देव बसला तरी थांबत नाही.

आता जॅक उचला. ट्रॉली मागच्या टोकाला बिजागरीवर फिरते. ४५ अंशांपर्यंत वर गेली आणि माल अजून सुटलेला नाही, तर तोच वजनाचा मध्य साधारण सव्वातीन फूट वर चढतो. साडेचारचे पावणेआठ फूट झाले. शिल्लक मात्र तीच, ३० इंच. उंची वाढली, पाया तेवढाच.

आता जमीन थोडी तिरकी धरा. एक चाक दुसऱ्यापेक्षा ५ इंच खाली. शेतात ५ इंच म्हणजे काहीच नाही, नांगरटीचं एक ढेकूळ. ट्रॉली खाली असताना एवढ्या उतारानं वजनाचा मध्य साडेचार इंच सरकतो. उचलल्यावर तोच ८ इंच सरकतो. ३० मधले २२ उरले. अजून काळजी नाही.

आणि आता गाळाचा स्वभाव बघा. वाळू, खडी, मुरूम हे सरळ लोक आहेत. ४५ अंशांच्या आधीच सुटतात. ओला काळा गाळ सुटत नाही. तो कोपऱ्यात बसतो, पत्र्याला चिकटतो. उजव्या अंगाचा घसरला आणि डाव्या अंगाचा तसाच राहिला, की उरलेल्या मालाचा मध्य एकदम दीड फूट डावीकडे जातो. रिकाम्या सांगाड्याचं वजन जमेस धरलं तरी सगळ्याचा मिळून मध्य फूटभर सरकला. २२ मधले १२ गेले, १० उरले. वजन डावीकडे गेलं म्हणून डावे पाटे दबले, डावा टायर भुसभुशीत जमिनीत रुतला. समजा दोन्ही मिळून ३ इंच. पावणेआठ फुटांवर त्याचे साडेचार-पाच इंच होतात. उरले पाच.

शिवाय अडकलेला गाळ बहुतेक वेळा पुढच्या भिंतीला धरून असतो. पुढची भिंत आता वर आहे. म्हणजे तो गाळ जमिनीपासून १० फुटांवर टांगलेला. मग त्या पाचातलेही दोन-तीनच राहतात.

आणि नेमक्या याच क्षणी आपण काय करतो? माल सुटत नाही म्हणून ड्रायव्हर ट्रॉली वर ठेवूनच ट्रॅक्टर पुढं घेतो आणि कचकन ब्रेक मारतो. एक झटका, दुसरा झटका. सगळेच करतात. रोज करतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा गाळ सुटतो, म्हणून ती पद्धतच पडून गेलीय.

हा हिशोब ढोबळ आहे. प्रत्येकाच्या ट्रॉलीची मापं वेगळी, चासीचं वजन वेगळं. पण आकडे कुठं पळतात ते बघा. मोठा घास जमिनीच्या उतारानं घेतला नाही, चिकटलेल्या मालानं घेतला. म्हणून ट्रॉली निवडताना पहिला प्रश्न हा : या ट्रॉलीतून माल एकदम आणि सारखा सुटेल का?

याला वर्कशॉपमध्ये उत्तरं आहेत आणि महाग नाहीत. ट्रॉलीची मागची रुंदी पुढच्यापेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवायची. माल मागं सरकताना त्याला जागा मोठी होत जाते, तो अडकत नाही. पुढून मागं एकाच रुंदीचा डबा केला तर ओला माल पाचरीसारखा बसतो. दुसरं, तळ आणि बाजू जिथं मिळतात तिथला काटकोन मोडायचा, कोपऱ्यात तिरकी पट्टी वेल्ड करायची. खाणीतल्या मोठ्या टिपरचे डबे पाहिलेत का? कित्येकांचा तळ अर्ध्या नळीसारखा गोल असतो. तो दिसायला छान म्हणून नाही केलेला. कोपराच नाही तर चिकटायला जागा नाही, आणि माल मधल्या रेषेवर राहतो. तिसरं, आतून उभ्या पट्ट्या मारू नका. बाजू मजबूत करायच्या तर पट्टी बाहेरून. आतली प्रत्येक पट्टी म्हणजे गाळाला धरायला एक हात.

आता चाकांकडे येऊ. आपल्याकडे तीन प्रकार फिरतात.

दोनचाकी, म्हणजे एका धुऱ्याची. स्वस्त, वळायला सोपी, शेतात कुठंही मागं घेता येते. हिचं काही वजन दांडीवरून ट्रॅक्टरच्या हुकावर येतं. त्यामुळं ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला धरून राहतात, चिखलात ओढ चांगली मिळते. पण हीच ट्रॉली उचलली की वजन मागं सरकतं. आपल्या मापाच्या ट्रॉलीत ४५ अंशांवर मालाचा मध्य धुऱ्याच्याही मागं जातो. मग दांडी खाली दाबायच्या ऐवजी वर उचलायला लागते. ट्रॅक्टरचं मागचं अंग हलकं होतं. उतारावर उभे असाल तर ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना आहेत, हे आठवा. आणि मागचा फाळका अडकला, माल सगळा मागच्या टोकाला येऊन बसला, तर दांडी ट्रॅक्टरलाच उचलायला बघते. हुकाच्या पिनला खालून लॉक नसेल तर पिन उडते. खिळा वाकवून घातलेला लॉक म्हणजे लॉक नव्हे, हेही सांगून ठेवतो.

दुसरी, दोन धुरे जवळजवळ असलेली, मागं चार चाकं. हिला टँडेम म्हणतात. आडव्या तोलात हिचा फार फायदा नाही, कारण रुंदी तीच. फायदा मऊ जमिनीत. वजन चार टायरांवर वाटलं जातं, एक टायर एकदम रुतत नाही. मघाच्या हिशोबातले ते तीन इंच इथं बरेच कमी होतात. माझ्या मते तलावाच्या गाळाला, भरावावर खाली करायच्या कामाला हीच बरी. तोटा एवढाच की वळताना टायर घासतात आणि वर्षाला टायरचा खर्च दिसतो.

तिसरी चारचाकी, पुढचा धुरा गोल चकतीवर फिरणारा. ही स्वतःच्या चार पायांवर उभी राहते, ट्रॅक्टरच्या हुकावर भार टाकत नाही, म्हणून लोक तिला सगळ्यात सुरक्षित समजतात. सरळ उभी असेल तर खरंच आहे. पण पुढचा धुरा वळलेला असताना उचलली, तर तिचे चार पाय चार कोपऱ्यांत राहत नाहीत. पुढची दोन चाकं तिरकी होऊन मध्याजवळ येतात, चौरंगाचा तिपाई होतो. आणि शेतात जागा कमी म्हणून आपण नेमकी अर्धी वळवूनच खाली करतो. ही ट्रॉली असेल तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत आणल्याशिवाय लीव्हरला हात लावायचा नाही. दुसरा उपाय नाही.

प्रकार कोणताही असो, चाकांमधली रुंदी बघा. मघाशी शेवटी हातात पाच इंच उरले होते. धुरा एक फुटानं रुंद केला, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा सहा इंच, तर ते पाचाचे अकरा होतात. दुपटीपेक्षा जास्त. ट्रॉली सहा इंच खाली घ्यायला जी मारामारी करावी लागते, तिच्यानं एखादाच इंच वाचतो. गंमत अशी की रुंद धुरा मागितला की कारागीर सांगतो, चाकं ट्रॉलीच्या बाहेर दिसतील, बरं दिसणार नाही. दिसू देत की.

चासीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण हा माझा जुना धंदा. ट्रॉली उचलली की डबा फक्त दोन ठिकाणी चासीला धरून असतो : मागची बिजागरी आणि जॅक. जॅक मधोमध एकच असेल तर तो ढकलतो, पण बाजूला झुकणाऱ्या डब्याला धरून ठेवत नाही. तो भार सगळा मागच्या बिजागरीवर. म्हणून बिजागरीच्या दोन पिना एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं चांगलं. मी अशा ट्रॉल्या पाहिल्यात की डबा सहा फूट रुंद आणि दोन पिनांमध्ये अंतर अडीच फूट. का, तर खालची चासी अरुंद होती आणि पिना तिच्यावरच बसवल्या. वर दाराएवढं फळकूट, आणि बिजागरी कपाटाची. पिना झिजल्या, बुश ढिले झाले की डबा वर गेल्यावर डुलायला लागतो. खाली उभं राहून पाहिलंत तर डोळ्याला दिसतं.

‘आमच्या ट्रॉलीला दोन जॅक आहेत, ती हलत नाही’ हेही खूप ऐकतो. दोन जॅकना तेल एकाच पाइपातून जात असेल तर दोन्हींत दाब सारखा राहतो, उंची सारखी राहीलच असं नाही. डावीकडं भार आला की डाव्या जॅकमधलं तेल उजवीकडं जाऊ शकतं. त्याला अडवतो तो डब्याचा आणि चासीचा ताठपणा. त्यापेक्षा कात्रीसारखी रुंद फ्रेम असलेला जॅक बरा. ती फ्रेम डब्याला आडवं डुलू देत नाही. दोन जॅकची ट्रॉली वाईट नाही, पण दोन आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि चॅनल. सी आकाराचं उघडं चॅनल उभ्या वजनाला चांगलं, पिळायला मात्र एकदम सोपं. खोक्याचं झाकण काढून खोकं पिळून बघा, मग झाकण लावून बघा. तोच फरक. दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केली की बंद बॉक्स होतो आणि पिळायला कितीतरी पट ताठ. खर्च किती वाढतो? थोडं लोखंड आणि चार दिवसांची मजुरी. पत्र्याचा गेज वाढवायला तुम्ही जेवढे पैसे देता त्यात हे होतं.

पाट्यांचंही एक. पाटे मऊ असले की रस्त्यावर बरं वाटतं, पण उचलल्यावर तेच एका बाजूला बसतात. काही जण पाटे काढूनच टाकतात. तोल सुधारतो, पण डांबरी रस्त्यावर चासी तडकते. मधला मार्ग म्हणजे पाटे कडक ठेवा आणि दोन्ही बाजूंची पानं मोजा. एका बाजूला नऊ आणि दुसरीकडं सात, कारण दोन तुटली आणि बदलली नाहीत, अशी ट्रॉली सपाट जमिनीवरही तिरकी उभी असते. टायरचंही तेच. हवा कमी असल्यानं एक बाजू नुसती इंचभर बसली तरी वर दीड इंचाचा फरक पडतो. शेवटी हातात पाच इंच असतात हे विसरू नका.

मग बाजूला पलटी होणारी ट्रॉली बरी का? तिच्यात डबा लांबीवर नाही, रुंदीवर उचलला जातो, त्यामुळं वजनाचा मध्य सव्वातीनच्या ऐवजी पावणेदोन-दोन फूटच वर जातो. हे चांगलं. पण तो मध्य जाणूनबुजून एका बाजूला नेलेला असतो, दीड फुटाच्या वर. म्हणजे ज्या बाजूला खाली करायचं त्या बाजूची जमीन घट्ट आणि थोडी वरच पाहिजे. बांधाच्या कडेला उभं राहून बांधाखाली खाली करायला लोक ही ट्रॉली घेतात, आणि तिथंच ती धोक्याची. तिन्ही बाजूंनी उचलणाऱ्या ट्रॉल्या आता दिसायला लागल्यात. त्यांच्यात पिना काढून बाजू बदलतात. ज्या बाजूला माल पाडायचा, त्याच बाजूच्या दोन पिना पाहिजेत. चुकून एक डावी पुढची आणि एक उजवी मागची राहिली तर डबा चासीवरून उखडतो. अशा ट्रॉलीच्या पिना चुकीच्या भोकात बसणारच नाहीत अशा मापाच्या आहेत का, ते विकत घेतानाच बघा.

उचलावीच लागत नाही अशीही ट्रॉली असते. पुढची भिंतच जॅकनं मागं सरकते आणि माल ढकलून देते. युरोपात शेतकरी वापरतात. छपराखाली, तारांखाली कुठंही चालते. शहरांतल्या कचऱ्याच्या मोठ्या गाड्यांमध्ये तळाच्या पट्ट्याच पुढं-मागं हलून माल बाहेर काढतात. पलटी होण्याचा प्रश्नच मुळात काढून टाकलाय. आपल्याकडे गावात कोण बांधून देणार आणि शेतकऱ्याला परवडणार का, हा प्रश्न आहेच. पण ग्रामपंचायतीला कचऱ्यासाठी ट्रॉली घ्यायची असेल आणि ती रोज तारांखाली, घरांच्या मधे फिरणार असेल, तर एकदा चौकशी करायला काय हरकत आहे?

तारांचं निघालंच आहे तर. १० फुटी ट्रॉली ५० अंशांवर गेली की पुढच्या भिंतीचा माथा जमिनीपासून साडेबारा फुटांवर जातो. वर फळ्या वाढवल्या असतील तर आणखी. जुन्या वीज नियमांनुसार, १९५६ च्या, रस्ता सोडून इतर ठिकाणी ११ केव्हीपर्यंतची उघडी तार कमीत कमी ४.६ मीटरवर पाहिजे, म्हणजे १५ फूट. कागदावर अंतर आहे. पण शिवारातल्या दोन खांबांमध्ये झोळ पडलेली तार किती फुटांवर आहे, हे तुम्ही रोज बघता. हायवा शेतात घातला तर त्याचा डबा वीस फुटांच्या पुढं जातो, तिथं बोलायलाच नको.

उचललेल्या ट्रॉलीखाली शिरून ग्रीस मारणं, पाइप घट्ट करणं हे बंद करा. रबरी पाइप फुटला तर डबा हळूहळू येत नाही. एक मजबूत टेकू चासीलाच बिजागरीवर बसवून घ्या, म्हणजे तो ‘घरी राहिला’ असं होत नाही. जॅकच्या तोंडाशी पाइप फुटल्यावर तेल अडवणारा व्हॉल्व्ह मिळतो, तोही लावा.

आता माणसांचं. २२ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यातल्या पासोडी-चांडोळ भागात, पुलाच्या कामावर आलेल्या टिपरनं वाळू खाली केली ती मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर. आत माणसं झोपलेली. पाच जण गेले. तिथं टिपर पलटी झाला नव्हता. पण उचलणाऱ्या गाडीचा एक दोष तिथं उघडा पडतो : माल जिथं पडणार आहे ती जागा लीव्हर ओढणाऱ्याला दिसतच नाही. आपल्या ट्रॅक्टरवरही हेच. डबा वर गेला की मागं पाहिलं तर समोर पत्र्याची भिंत. म्हणून मागं कोणीतरी उभं राहून हात दाखवतो, आणि तोच बहुतेक वेळा फाळक्याची कडी हातोडीनं पाडायला पुढं जातो. आपला १९ वर्षांचा पोरगा असाच तिथं होता. फाळका वरून बिजागरीवर टांगलेला आणि कडी पुढून, दांडीजवळून ओढता येईल अशी असती, तर त्याला मागं जायचं कारणच नव्हतं. एक लांब सळई आणि दोन कड्या, एवढंच लोखंड लागतं त्याला.

आता सरकारी बाजू. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ ला आली, २०२३ पासून पुन्हा जोरात आहे. योजना चांगलीच आहे, तिच्या विरोधात हे लिहीत नाही. पण तिचा सगळा हिशोब घनमीटरवर चालतो. किती घनमीटर काढला, किती टाकला, त्यावर पैसे. जिथं मोजमाप घनफळाचं, तिथं फाळक्यावर एक फुटाची फळी चढणारच. एका फुटाच्या फळीनं १२० घनफुटांचे १८० होतात, सहा टनांचे साडेआठ-नऊ. पाटे, पिना, टायर, ब्रेक सगळे सहाच्या हिशोबाचे. ब्रेक म्हटलं खरं, पण आपल्या भागातल्या किती ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक आहेत? दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर नऊ टनांना उतारावर थांबवणार, अशी आपली अपेक्षा असते.

जादा भाराला दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. पण तो रस्त्यावर, तोही कुणी धरलं तर. तलावापासून शिवारापर्यंत कोणता नाका आहे? आणि नाक्यावर वजन दिसेल, बिजागरीच्या पिनांमधलं अंतर दिसणार नाही. ट्रॉलीच्या पासिंगला लांबी-रुंदी मोजतात, पण जॅक पूर्ण उचलून मागून कोणी पाहिलं, असं निदान मी तरी कधी पाहिलं नाही.

म्हणून तालुक्याकडं किंवा जिल्ह्याकडं बघत बसण्यापेक्षा आपल्या तलावावर आपणच चार गोष्टी करू शकतो. येत्या ग्रामसभेत मी त्या मांडणार आहे. गाळाला लागणारी प्रत्येक ट्रॉली पहिल्या दिवशी रिकामी, सपाट जागेवर पूर्ण उचलून दाखवायची. गावातले दोन वेल्डर मागून बघतील, डुलत असेल तर पिना-बुश बदलून दुसऱ्या दिवशी या. फळी चढवलेली ट्रॉली भरायची नाही, हे पोकलेनवाल्यालाच सांगायचं, कारण भरणारा तोच. काढलेला गाळ लगेच न भरता तलावाच्या काठावर ढीग करून पाणी निथळू द्यायचं. वजन कमी होतं आणि चिकटपणाही. निथळू द्यायला वेळ नसेल तर भरायच्या आधी तळाला सुक्या मातीचा किंवा पाचटाचा थर टाका, माल सुटतो. खाली करताना ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ट्रॉलीच्या लांबीइतकं अंतर मोकळं, आणि अडकलेला गाळ सोडवायला झटका बंद. ट्रॉली खाली घ्यायची, मग फावड्यानं कोपरे मोकळे करायचे, मग पुन्हा उचलायची. दहा मिनिटं जातात. खेपेचे पैसे कमी होतील अशी ओरड होईल, ती मला आत्ताच ऐकू येतेय. एका ट्रॉलीवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, ‘दादा, तुम्ही धंद्याचं वाटोळं करणार.’ त्याचंही चूक नाही. डिझेल त्याचं जळतं, हप्ता त्याला भरायचाय. म्हणून खेपेऐवजी दिवसाचा दर ठरवता येईल का, हेही ग्रामसभेत बोलू. ते ठरलं तर झटक्याची घाई आपोआप कमी होईल.

आणि एक. ग्रामपंचायत यंदा नवी डंपिंग ट्रॉली घेणार आहे. कोटेशन मागवलंय त्यात लिहिलंय : क्षमता, पत्र्याचा गेज, टायर, रंग. त्यात धुऱ्याची रुंदी, बिजागरीच्या पिनांमधलं अंतर, बॉक्स चासी, पुढून उघडणारी फाळक्याची कडी, चासीवरचा टेकू आणि स्वतःचे ब्रेक, एवढ्या सहा ओळी वाढवाव्यात असा अर्ज लिहून ठेवलाय. सरपंचांशी बोलणं झालंय, ते नाही म्हणाले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी चावडीवर अर्ज ठेवतो. सही करायला या, आणि येताना आपापल्या ट्रॉलीच्या मागच्या दोन पिनांमधलं अंतर टेपनं मोजून आणा.